जिम्नी, 2 इंच लिफ्ट आणि 235/75 आर15: कापाकापीसकट परीक्षण

मारुती सुझुकी जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर15 (रुंदी मिमीमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), एकूण व्यास साधारण 693 मिमी. 235/75 आर15 चा व्यास 733 मिमीच्या आसपास. फरक 40 मिमीचा, पण चाकाखाली उपयोगी पडतो तो त्याचा निम्मा, 20 मिमी. जिम्नीचे दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर आहेत, त्यामुळे डिफरन्शियलखालची (अ‍ॅक्सलच्या फुगीर गिअर-डब्याखालची) उंची लिफ्ट किटने (गाडी उंचावणाऱ्या स्प्रिंगांच्या संचाने) जराही वाढत नाही. दगड चुकवायला मिळतात ते टायरचे हे 20 मिमीच. एवढ्यासाठी बंपर, लायनर (चाकावरच्या पोकळीतलं प्लास्टिकचं अस्तर) आणि कधी पत्राही कापावा लागतो. खडकाळ ट्रेलवर नेमाने जाणाऱ्याला हा सौदा परवडतो. गाडी घर-ऑफिस आणि वर्षातून दोनदा लोणावळा एवढीच फिरत असेल, तर नाही.

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘लिफ्ट केली की टायर बसतो’. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत बसतो, हे खरं. पण एक चाक दगडावर चढून स्प्रिंग पूर्ण दबली की अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (चाक किती वर जाईल ते अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकतो, आणि तो बंप स्टॉप लिफ्टनंतरही जुन्याच जागी असतो. म्हणजे टायर आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) पूर्वीइतकाच वर जातो, फक्त आता तो त्रिज्येने 20 मिमी मोठा आणि 40 मिमी जास्त रुंद असतो. म्हणून बंप स्टॉपखाली 25 ते 30 मिमीचे स्पेसर नसलेलं किट या साइजसाठी अर्धवट समजावं. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल रेडियस आर्मवर (त्याला चासीशी जोडणाऱ्या लांब दांड्यांवर) झुलतो. गाडी उंचावली की आर्म खाली झुकतात, चाक किंचित मागे सरकतं आणि कॅस्टर (चाक सरळ राखणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) कमी होतो. कॅस्टर करेक्शन बुश टाकले नाहीत तर हायवेवर स्टिअरिंग भरकटल्यासारखं वाटतं. पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो तो प्रकार वेगळाच. लांबी बदलता येणारा रॉड न लावता मोजमाप घेतलं, तर एका बाजूला उगाच जास्त कापलं जातं.

आता रिम. मूळ रिम 5.5 जे (5.5 इंच रुंद), ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बसवण्याच्या पृष्ठभागाचं अंतर) +5 मिमी. त्यावर 235 चा टायर बसवणं चुकीचंच, कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग आधी झिजतो. 7 जे, शून्य ऑफसेट घेतला तर टायर आत 15 आणि बाहेर 25 मिमी सरकतो. आतली बाजू फुल लॉकला (स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर) रेडियस आर्मला घासण्याची शक्यता राहते. म्हणून काही जण उणे ऑफसेट घेतात. आर्म सुटतो, पण चाक वळताना मोठा घेर घेतं आणि बंपरचा कोपरा व आर्चची मागची कड आणखी घासते. आर्मला निसटता स्पर्श असेल तर नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) स्टॉपर बोल्टखाली वॉशर टाकणं बरं. वळणाची त्रिज्या थोडी वाढते, घाटातल्या हेअरपिनवर ते जाणवतं.

कापण्याआधीची चाचणी हाच या कामाचा गाभा आहे, आणि गॅरेजवाले नेमकी तीच टाळतात. गाडी चासीखाली स्टँड लावून ठेवा, पुढच्या स्प्रिंगा काढा, अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला आणि स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा. नंतर एकच बाजू उचलून पुन्हा तेच. टायरच्या खांद्यांना खडू लावला की लायनरवर नेमकी खूण उमटते. खुणेच्या पलीकडे किमान 15 मिमी मोकळं हवं. देशावरची काळी माती पावसात लायनरला थरावर थर चिकटते आणि ही जागा अर्ध्या तासात खाऊन टाकते.

पहिला बळी पुढच्या बंपरचा खालचा मागचा कोपरा. प्लास्टिकवर ग्राइंडर चालवू नका, ते वितळून कडेला गोळे धरतं. जिगसॉ किंवा बारीक दातांचं हॅकसॉ पातं वापरा. आधी 20 मिमी, मग चाचणी, मग गरजेपुरतं आणखी. लायनर शक्यतो कापू नये, हीट गनने मऊ करून मागे ढकलावा. तो पूर्ण काढून टाकणारे फॉग लॅम्पच्या वायरिंगवर आणि वॉशरच्या टाकीवर चिखलाचा मारा ओढवून घेतात. आतल्या भिंतीवर पत्र्याची उभी दुमड आड येत असेल तर ती कापायची नाही, हातोड्याने आडवी झोपवायची. तिथले स्पॉट वेल्ड कापले की ताकद गेली. मागच्या आर्चमध्ये इंधन भरण्याच्या पाइपाच्या बाजूला ठिणग्या उडवणारं कोणतंही अवजार चालवू नये.

पत्रा कापावाच लागला तर कड फ्लॅप डिस्कने साफ, मग इपॉक्सी प्रायमर, शिवणीवर सीलर, रंग, शेवटी अंडरबॉडी कोटिंग. हातोड्याने झोपवलेल्या दुमडीलाही हेच. कोकणात गाडी जाणार असेल तर यातला एकही टप्पा गाळू नका. खाऱ्या हवेत उघड्या कडेवर एका पावसाळ्यात तांबेरा दिसतो.

चालवताना फरक पडतो तो गिअरिंगमध्ये, सुमारे 6 टक्के. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या आसपास असते (मीटर मुळात थोडं जास्त दाखवत असेल तर त्याहून कमी). 1.5 लिटर इंजिनाचे 134 एनएम आणि जड टायर यांची जोडी चढावर एक गिअर खाली मागते, ऑटोमॅटिकमध्ये तर विशेष.

कागदाची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत फेरफार हा आरटीओचा आणि पुढे विम्याचाही प्रश्न ठरतो. टायर आर्चबाहेर दिसत असेल तर वाद ओढवून घेतलाच म्हणा.

कापाकापी नको असेल तर 215/75 आर15 पाहावा. व्यास 703 मिमी, मूळ रिमवर चालतो, कॅस्टरची भानगड नाही. उंची फक्त 5 मिमी वाढते, पण चांगल्या ऑल-टेरेन खाचांची पकड ट्रेलवर त्याहून जास्त कामाची. 235 च घ्यायचे असतील तर पाच घ्या. लहान स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह वापरला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. आणि मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगण्याआधी बंपरला टेकते का पाहा, बिजागऱ्यांचे बोल्टही तपासा.