काचेचे छप्पर, निळा रंग आणि चाळीस हजारांची रेघ : एकोणीस महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही इंग्लंडमध्ये नवी गाडी घेतली. पेट्रोलवर चालणारी, माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरची मदत असलेली), पाच आसनांची एसयूव्ही. आता तिला एकोणीस महिने झाले असून सुमारे चौदा हजार मैल चालवून झाली आहे. गाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका मॉडेलपुरते नाही; छापील किंमत चाळीस हजार पाउंडांच्या आसपास असलेली कोणतीही नवी गाडी या देशात घेणाऱ्याला ते लागू पडते. गाडीविषयी तक्रार नाही. इंजिन शांत आहे, लांबच्या प्रवासात पाठ दुखत नाही, आणि आजवर एकदाही ती रस्त्यात बंद पडलेली नाही. हा अनुभव आहे तो ऑर्डर देताना घेतलेल्या दोन जादा सुविधांचा आणि त्यांच्यामुळे बदललेल्या रोड टॅक्सचा.

ऑर्डरचा कागद अजून माझ्याकडे आहे. सर्वांत वर मूळ छापील किंमत, व्हॅट आणि डिलिव्हरी धरून, ३८,४९५ पाउंड. तिच्याखाली दोनच ओळी : मेटॅलिक निळा रंग ६८५ पाउंड, पॅनोरॅमिक सनरूफ, म्हणजे काचेचे छप्पर, १,०५० पाउंड. बेरीज ४०,२३०. त्याखाली डीलरने दिलेली २,१०० पाउंडांची सूट, आणि मग जाड अक्षरांत आम्ही द्यायची रक्कम, ३८,१३०. नोंदणी शुल्क आणि पहिल्या वर्षाचा कर वेगळा. घासाघीस करून मिळवलेला तो शेवटचा आकडाच आमच्या मनात घर करून बसला. मधल्या ४०,२३० या आकड्याकडे मी, माझ्या पत्नीने किंवा समोर बसलेल्या विक्रेत्याने क्षणभरही थांबून पाहिले नाही.

त्या आकड्याचा अर्थ कळला तो जवळजवळ वर्षभराने. ऑगस्ट २०२५ मध्ये कर भरण्याची आठवण करून देणारे व्ही-११ हे पत्र घरी आले. दुसऱ्या वर्षापासून पेट्रोल गाडीला सरसकट १९५ पाउंड भरायचे असतात, एवढे मला ठाऊक होते आणि तेवढेच बाजूला काढून ठेवले होते. पत्रात रक्कम होती ६२० पाउंड. नंबर चुकला असेल असे वाटून मी पत्रावरचा गाडीचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. चूक कुठेच नव्हती. १९५ च्या नेहमीच्या दरावर महागड्या गाड्यांसाठीचा ४२५ पाउंडांचा अधिभार लागला होता.

हा अधिभार १ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर प्रथम नोंदवलेल्या, चाळीस हजार पाउंडांहून जास्त छापील किमतीच्या गाड्यांना लागतो. पहिल्या वर्षी तो नसतो. दुसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत, अशी सलग पाच वर्षे तो भरावा लागतो. यातली गोम ‘छापील किंमत’ या शब्दांत आहे. ग्राहकाने प्रत्यक्षात मोजलेल्या पैशांशी या कराचा काहीही संबंध नाही. उत्पादकाने जाहीर केलेली, कोणतीही सूट वजा न केलेली किंमत धरली जाते आणि तिच्यात व्हॅट, डिलिव्हरी व कारखान्यातून बसवून येणाऱ्या सर्व जादा सुविधा मिळवल्या जातात. म्हणून आम्ही मिळवलेली २,१०० पाउंडांची सूट कराच्या दृष्टीने शून्य ठरली, आणि आम्ही निवडलेला रंग मात्र पुरेपूर मोजला गेला.

आता हिशेब पाहा. रेघ आम्ही फक्त २३० पाउंडांनी ओलांडली. केवळ सनरूफ घेऊन विनामूल्य मिळणाऱ्या रंगावर समाधान मानले असते, तर किंमत ३९,५४५ झाली असती. केवळ निळा रंग घेतला असता, तर ३९,१८०. दोन्ही वेळा अधिभार लागला नसता. दोन्ही एकत्र घेतल्याने तो लागला आणि २०२५-२६ चा दर पाचही वर्षे कायम राहील असे धरले तरी त्याची बेरीज २,१२५ पाउंड होते, म्हणजे रंग आणि छप्पर या दोहोंच्या मिळून किमतीपेक्षा जास्त. दर कायम राहत नाहीच. २०१७ मध्ये हा अधिभार ३१० पाउंड होता. या एप्रिलपासून तो ४४० झाला आहे आणि मूळ दर २००, म्हणजे येत्या सप्टेंबरात आम्ही ६४० भरणार. वर्षाची रक्कम एकदम न भरता महिन्याच्या डायरेक्ट डेबिटने भरली, तर तीवर आणखी पाच टक्के जातात.

विक्रेत्याने खोटे काही सांगितले नाही, हे मला स्पष्ट लिहायला हवे. पण सीटचे कापड, चाकांची रचना आणि रंगाचे तुकडे दाखवण्यात पाऊण तास घालवणाऱ्या माणसाने ‘साहेब, हे दोन्ही घेतले तर तुमची गाडी चाळीस हजारांच्या वर जाते’ एवढे एक वाक्य बोलायला हवे होते, असे मला आजही मनापासून वाटते. ग्राहकाला हा नियम माहीत असेल असे गृहीत धरणे योग्य नाही.

चाकांच्या बाबतीत मात्र आम्ही वाचलो. मला वीस इंची चाके आवडली होती. संगणकावर ती निवडताच कार्बन डाय-ऑक्साइडचा आकडा किलोमीटरला १४८ ग्रॅमवरून १५२ वर गेला, तो माझ्या नजरेस पडला. २०२० पासून इथला पहिल्या वर्षाचा कर डब्ल्यूएलटीपी या, गाडीचा इंधनवापर आणि कार्बन डाय-ऑक्साइड मोजणाऱ्या चाचणीच्या आकड्यावर ठरतो, आणि त्या पद्धतीत प्रत्येक गाडीचा आकडा तिच्यावर बसवलेल्या सुविधांसह काढतात : रुंद टायर, जड छप्पर, हवेला होणारा अडथळा, सगळे धरून. त्या वर्षी १३१ ते १५० ग्रॅमच्या टप्प्याला २७० पाउंड होते आणि १५१ पासून थेट ६८०. चार ग्रॅमांसाठी ४१० पाउंड देणे मला पटले नाही. आज तेच दोन टप्पे आणखी महागले आहेत, कारण एप्रिल २०२५ मध्ये ते दर दुप्पट झाले. म्हणजे जादा सुविधा कराला दोन बाजूंनी भिडते : पहिल्या वर्षी वजनातून आणि आकारातून, पुढची पाच वर्षे किमतीतून. मी पहिली बाजू पाहिली आणि दुसरी राहून गेली.

नोंदणीनंतर बसवलेल्या वस्तू या हिशेबात येत नाहीत. टो बार, टपावरचे बार आणि डॅशकॅम आम्ही गाडी ताब्यात आल्यावर पुढच्या महिन्यात घेतले; त्यांचा करावर काही परिणाम झाला नाही. पण रंग आणि काचेचे छप्पर मागाहून बसवता येत नाहीत, त्यामुळे तिथेच नीट विचार करावा लागतो.

मग त्या दोन सुविधा वापरात कशा आहेत? छप्पर सुंदर आहे, यात शंका नाही. डिसेंबरात दुपारी चारला अंधारून येते, तेव्हा त्याआधीचा तासभर गाडीत जो उजेड असतो तो मनाला बरा वाटतो, आणि स्कॉटलंडच्या डोंगरांतून जाताना मागे बसलेली मुलगी मान वर करून कडे पाहत होती, ते मला विसरता येणार नाही. पण जुलैत उन्हामुळे आतला पडदा ओढूनच ठेवावा लागतो, आणि मोटरवेवर जोराचा पाऊस आला की काचेवरच्या ताशापुढे बोलणे ऐकू येत नाही. वर्षातले फार तर साठ-सत्तर दिवस ते उघडे असते. रंगाचा आनंद रोजचा आहे. आज पुन्हा ऑर्डर द्यायची झाली, तर मी रंग ठेवीन आणि छप्पर सोडीन.

महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी कर किमतीच्या टक्क्यांत असतो. तिथे टप्पा बदलला नाही, तर किंमत हजार रुपयांनी वाढल्यावर कर शंभर-सव्वाशे रुपयांनी वाढतो. इथे तसा उतार नाही, थेट कडा आहे. बरोबर ४०,००० ला काही नाही, एक पाउंड वर गेला की पाच वर्षे सगळा अधिभार. तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑसबॉर्न यांनी जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात हा नियम जाहीर केला, तेव्हाची ही मर्यादा पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आजही तीच आहे. गाड्यांच्या किमती मात्र कितीतरी वाढल्या, आणि म्हणून घरगुती वापराच्या साध्या गाड्याही यात सापडू लागल्या. हे मला अन्यायाचे वाटते. विजेच्या गाड्यांना एप्रिल २०२५ पासून हा अधिभार लागू झाला होता. आता त्यांच्यासाठी मर्यादा पन्नास हजार केली आहे.

गाडी विकली तरी अधिभार संपत नाही, कारण तो मालकाला नव्हे, गाडीला चिकटलेला असतो. आमच्या गाडीला तो सप्टेंबर २०३० पर्यंत राहील. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून तिची आजची किंमत पाहून भागत नाही, नवी असताना तिच्यावर काय काय बसवले होते ते विचारावे लागते. नोंदणीपत्रावर छापील किंमत लिहिलेली नसते. म्हणून ऑर्डरचा तो कागद आणि व्ही-११ पत्र मी सर्व्हिसच्या पावत्यांच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवले आहे, जो कोणी ही गाडी घ्यायला येईल त्याला किमतीचे बोलणे सुरू होण्याआधी ते हातात देता यावे म्हणून.