गच्चीवरचा मोटराइज्ड माउंट आणि रुसणारा कॉम पोर्ट: पावसाळा धरून वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगतो. दुर्बीण मोटरीने ताऱ्यांमागे फिरवणारा हा माउंट (स्टँड) उत्तम आहे, परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण सोबत आलेली पॉवरची वायर आणि ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली केबल यांच्या भरवशावर लॅपटॉप जोडायला जाल, तर सुरुवातीचे शनिवार-रविवार विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरकडे बघण्यात जातील. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही मोटराइज्ड इक्वेटोरियल (एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो अशा) माउंटला लागू पडतं.

गेल्या होळीच्या आसपास घेतला, पावसाळाभर पेटीत होता, आणि आता थंडी सरत आली आहे. राहायला घोडबंदर रोडला, वापर सोसायटीच्या गच्चीवर. सेक्रेटरी काकांनी "हे ड्रोनबिन नाही ना?" एवढंच विचारलं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवल्यावर गच्चीची चावी मागावी लागत नाही, तेच वॉचमनला सांगून ठेवतात.

"लॅपटॉप कशाला, माउंटचा रिमोट म्हणजे हँड कंट्रोलर आहे की," असं बरेच जण म्हणतात. ठाण्यात त्याला सरळ उत्तर आहे. इथला अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. आमच्याकडे तिथे शेजारच्या टॉवरचा बारावा-तेरावा मजला येतो. ध्रुव दिसत नाही म्हटल्यावर पोलर स्कोप (ध्रुवताऱ्यावरून अक्ष जुळवायची छोटी दुर्बीण) असून नसल्यासारखा. मग आकाशाच्या दुसऱ्या भागाचे तीन फोटो काढायचे, प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतले तारे नकाशाशी ताडून) दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते काढायचं आणि त्यावरून अक्ष जुळवायचा. 'निना' या फोटो काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे आणि चांगली चालते, पण त्यासाठी लॅपटॉपने माउंट हलवायला हवा. त्यात आपल्याकडचं आकाश इतकं उजळ की अलाइनमेंटसाठी ओळखीचे तारे शोधतानाच अर्धा तास जातो. वांगणीला किंवा माळशेजला गेलात तर गोष्ट वेगळी.

पहिला घोळ केबलच्या आतल्या चिपचा. यूएसबी लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' (कॉम पोर्ट, म्हणजे माउंटसारख्या उपकरणांशी बोलायची दारं) खाली पिवळा त्रिकोण. नावावर टिचकी मारली तर लिहिलेलं काय, तर ही चिप २०१२ सालीच बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हणजे केबल आजची, चिप जुनी किंवा जुनीची नक्कल, आणि नव्या विंडोजबरोबर येणारा ड्रायव्हर तिला दारातच अडवतो. विक्रेत्याचं उत्तर: "सर, ड्रायव्हर अपडेट करा." अपडेटमुळेच तर अडलंय! त्याच ड्रायव्हरची जुनी आवृत्ती हाताने बसवून काम निघतं, पण विंडोजचं पुढचं अपडेट आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल घेतली. थोडे जास्त पैसे गेले, पण तो विषय कायमचा मिटला.

तिचा आणखी एक फायदा वापरताना कळला. साध्या केबलमध्ये चिपला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज कॉम पोर्टचा आकडा यूएसबीच्या भोकाला चिकटवतं. काल डावीकडे लावली तर कॉम ५, आज उजवीकडे लावली तर कॉम ८, आणि माउंटचा ड्रायव्हर मात्र ५ वरच माउंटला हाका मारत बसतो. एफटीडीआयच्या बहुतेक केबलना सीरियल नंबर असतो, म्हणून कुठेही लावा, आकडा तोच राहतो. यादीत दिसणारे काही कॉम पोर्ट ब्लूटूथचे असतात, त्यांचा माउंटशी काही संबंध नाही. यूएसबी काढली की यादीतून जो गायब होतो, तो आपला.

दोष केबलचा की सॉफ्टवेअरचा, हे ठरवायला ईक्यूमॉड (माउंटचा ड्रायव्हर), निना, स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा) यांपैकी काहीच उघडायची गरज नाही. पुटी (पोर्टवर थेट आज्ञा टाइप करायचा छोटा प्रोग्राम) उघडा, सीरियल निवडा, कॉम पोर्ट आणि बॉड रेट (संवादाचा वेग) भरा. माउंटला स्वतःचं यूएसबी सॉकेट नसून आरजे-४५ या लॅनसारख्या सॉकेटमधून जोडत असाल तर सहसा ९६००. अंगचं यूएसबी असलेल्या नव्या माउंटना बहुधा ११५२०० लागतो. मग कोलन, स्मॉल ई, १ (म्हणजे :e1) आणि एंटर. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारं उत्तर आलं, तर केबल, चिप, माउंट सगळं धडधाकट आहे आणि गडबड वरच्या सॉफ्टवेअरमध्ये. काहीच आलं नाही तर माउंटचा ड्रायव्हर काढून-घालून उपयोग नाही. ही पद्धत ईक्यूमॉड ज्या माउंटसाठी आहे त्यांच्यापुरती, बाकीच्यांची आज्ञावली वेगळी असते.

इथे एक धोक्याची सूचना, कारण यात पैसे जातात. माउंटवरचं आरजे-४५ सॉकेट दिसायला लॅनसारखं असलं तरी लॅन नाही. त्यात हँड कंट्रोलरसाठी १२ व्होल्ट असतात आणि डेटाच्या तारा ५ व्होल्ट किंवा त्याहून कमीवर चालतात. राउटरची वायर तिथून लॅपटॉपला लावू नका. जुन्या पद्धतीची आरएस-२३२ (सीरियल) केबलसुद्धा थेट माउंटला लावायची नाही, तिचे व्होल्ट या बोर्डाला झेपत नाहीत. ती हँड कंट्रोलरच्या खालच्या छोट्या सॉकेटला लागते, आणि तेव्हा कंट्रोलरवर 'पीसी डायरेक्ट' (लॅपटॉपच्या आज्ञा सरळ माउंटकडे जाऊ देणारा पर्याय) निवडावं लागतं.

आता खरा छळवादी. कनेक्ट नीट होतं, ट्रॅकिंग नीट चालतं, आणि लांबच्या ताऱ्यावर 'गोटू' (तिकडे आपोआप वळायची आज्ञा) दिलं की दोन्ही मोटरी घरघरतात, माउंटवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर 'टाइमआउट'. कुणीही ड्रायव्हरवरच संशय घेईल. पण वेळ बघा: दर वेळी मोटरी जोरात फिरताना. दोन्ही अक्ष एकदम फिरले की माउंट दोन-तीन अँपिअर ओढतो. गच्चीवर प्लग लिफ्टच्या खोलीशी, म्हणून पाच मीटर बारीक वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये साधारण ०.३४ ओहम रोध पडतो, म्हणजे तीन अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच खर्च. १२ व्होल्टच्या अडॅप्टरचे माउंटपाशी ११ उरतात, बोर्ड दचकतो आणि संवाद तुटतो. राउटरचा एक-दोन अँपिअरचा अडॅप्टर लावला असेल तर विचारूच नका. यूपीएसमधली ७ एएचची लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला बरी चालते, रात्र चढेल तशी ढेपाळते. मी आता ५ अँपिअरचा अडॅप्टर, जाड आणि आखूड वायर वापरतो, आणि एक्स्टेंशन बोर्ड माउंटजवळ नेतो. बाहेरगावी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा पडत नाही. त्यानंतर तो टाइमआउट पुन्हा दिसलेला नाही.

विंडोजच्या बाबतीत थोडक्यात: यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद, रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढलेली, झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग. कॅमेरा, गाइड कॅमेरा (ट्रॅकिंगवर नजर ठेवणारा) आणि माउंट एकाच हबवर असतील तर हबला स्वतःचा अडॅप्टर हवाच. यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नये.

वाय-फायने जोडता येतं, पण टॉवरच्या जंगलात मला ते पटलं नाही. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्यांचे राउटर नुसते कोंबलेले, आणि माउंटच्या वाय-फायला इंटरनेट नाही हे लक्षात आलं की मोबाइल गुपचूप डेटावर उडी मारतो. चंद्र-शनी दाखवायला ठीक, तासभर एक्सपोजर घ्यायला नाही. शिवाय हँड कंट्रोलरवर तारीख आधी महिना, मग दिवस अशी भरायची असते, आणि टाइम झोन +५:३०. ५ मार्चच्या जागी ३ मे गेला तर दुर्बीण जमिनीकडे बघते आणि लोक कनेक्शनला दोष देतात.

पावसाळ्यानंतरचा प्रकार वेगळा. खाडीची दमट हवा पेटीतही शिरते. दिवाळीच्या सुमारास माउंट बाहेर काढला तर आरजे-४५ च्या पिनांवर हिरवट पापुद्रा, आणि केबल जरा हलली की कनेक्शन गुल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि दोन-चारदा आत-बाहेर केल्यावर सुधारलं. यंदा सॉकेटमध्ये टोप्या आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणार आहे.

एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे. पॉवरचा गोल जॅक ढिला आहे, आणि माउंट मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून उलटा होतो तेव्हा वायर ताणली की क्षणभर सप्लाय जातो. माउंट सगळं विसरतो आणि पुन्हा प्लेट सॉल्व्ह करून सिंक द्यावं (तो कुठे बघतोय ते सांगावं) लागतं. सध्या वायरीला एक सैल वळसा ठेवून ती ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधतो. नवीन घेणाऱ्याने स्क्रूने आवळता येणारा जॅक असलेलं मॉडेल बघावं, आणि केबल, अडॅप्टर, वायर यांचे पैसे माउंटच्या किमतीतच धरून ठेवावेत.