हतनूरचं पाणी की पालचं जंगल? कॅमेरा त्यावर ठरवा

दिवाळी सरली, केळीच्या बागांवर पहाटे धुकं उतरायला लागलं, की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "पक्ष्यांचे फोटो काढायचेत, कॅमेरा कोणता घेऊ?" मी उलटा प्रश्न टाकतो, "जाणार कुठे? हतनूरला की पालला?" हतनूर म्हणजे तापीवरचं धरण, पाल म्हणजे यावल अभयारण्यातलं जंगल.

घेणाऱ्यासमोर सहसा दोन वाटा असतात. एक म्हणजे लेन्स न बदलणारा सुपरझूम. उदाहरणार्थ निकॉन पी९५०: ८३ पट झूम, २००० मिमीपर्यंत पल्ला, वजन किलोभर. दुसरी म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, डीएसएलआर किंवा मिररलेस, आणि त्यावर १५०-६०० मिमीची लेन्स. तिथं नुसती लेन्सच दोन किलोच्या घरात जाते.

आधी हतनूर. धरण गाळानं भरत चाललंय, ही आपल्या सगळ्यांची डोकेदुखी. पण उथळ पाणी बदकांना मानवतं. डिसेंबर-जानेवारीत चांगदेवकडे, तापी-पूर्णेच्या संगमाच्या बाजूला गेलात तर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी असा मेळा भरलेला असतो. फक्त लांब. फार लांब. ६०० मिमीतही बदक फोटोत वाटाण्याएवढं येतं, आणि कापून मोठं केलं की फुटतं. सुपरझूम इथं चोचीचा रंग दाखवतो. मात्र ऊन वर चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि कितीही महाग लेन्स असो, पक्षी उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. म्हणून सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतच काय ते, आणि सूर्य पाठीशी घेऊन.

आता सुपरझूमची खोट. थवा उठला की संपलं. एवढ्या झूममध्ये पक्षी चौकटीत सापडतच नाही, सापडला तर फोकस मागं राहतो. माझ्याकडे लालसरीच्या थव्याचे म्हणून काढलेले चाळीसेक फोटो आहेत, सगळ्यांत नुसतं पाणी. शेतावरून खाली खाली तरंगत जाणारा भोवत्या हवा असेल तर दुसरीच वाट धरा. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

पालला, यावल अभयारण्यात, खेळ उलटा. पक्षी जवळ असतो, पण उजेड नसतो. ऑक्टोबरात सागाला भरगच्च पानं असतात; सावलीतल्या माशीमारासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६००-३२००पर्यंत न्यावा लागतो आणि सुपरझूमच्या इवल्याशा सेन्सरवर तिथं रव्यासारखे दाणे दिसू लागतात. फोकसही पक्षी सोडून फांदीवर बसतो. अपवाद एकच, आणि तो नेमका आपल्या खानदेशाचा: रानपिंगळा. १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती, नामशेषच धरला होता. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. घुबडासारखं घुबड, पण दिवसाढवळ्या उघड्या शेंड्यावर बसतं, त्यामुळे दिसलाच तर सुपरझूमलाही जमतो. दिसावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका, बिचारा हद्द राखायला निघतो आणि शिकार राहते.

धोबी, वेडे राघू, तारेवरचे नीलपंख यांच्यासाठी घरातली ७०-३०० मिमीची लेन्स पुरते. ट्रायपॉडवरही लगेच खर्च नको. कापडी पिशवी ज्वारीनं अर्धी भरा, गाडीच्या खिडकीवर ठेवा, लेन्स स्थिर. घरी आल्यावर ज्वारी डब्यात परत.

माझं मत विचाराल तर नवशिक्यानं, तेही मोटरसायकलवर फिरणाऱ्यानं, सुपरझूमच घ्यावा. आपल्या हिवाळ्याची खरी मजा पाण्यावर आहे. भाच्याला हेच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, मोठी लेन्स उचलली. आता उडते थवे त्याचे, लांबची बदकं माझी, आणि मागच्या सीटवर बसून त्याची बॅग मांडीवर सांभाळायची तीही मीच.