दोन हिवाळे, दीडशे पहाटा: हातमोजे, जर्किन आणि हँडल मफ वापरल्यानंतर

सोमवारी पहाटे मोटरसायकलवरून कामावर जाताना वाटेतलं बामणोद गाव मागे पडलं आणि उजव्या हाताच्या तर्जनीत गारठा सुईसारखा शिरला. भुसावळला पोचल्यावर दिव्याखाली हातमोजा काढून पाहिला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातली शिवण उसवली होती. दुसऱ्यांदा, आणि त्याच जागी. ब्रेक दाबायला हीच दोन बोटं लागतात. २,२५० रुपयांच्या हातमोज्यात जिथे शिवण सगळ्यात पक्की हवी, तिथेच ती सगळ्यात कच्ची निघाली. त्या रागातच लिहायला बसलोय, पण जे चांगलं निघालं तेही सांगणार आहे.

घर फैजपूरला, काम भुसावळला, पहिली पाळी. सहाला हजेरी, म्हणून पाचला घर सोडतो. अंतर वीस-बावीस किलोमीटर, गाडी १२५ सीसी, पुढे डिस्क ब्रेक. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज. दोन हिवाळे धरले तर दीडशे पहाटा सहज भरतात.

खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना ४५ अंशांचा मे महिनाच आठवतो. इथली कोरडी हवा आणि उघडं आभाळ रात्री जमीन किती गार करतं, ते पहाटे गाडीवर बसल्याशिवाय कळत नाही. जळगाव जिल्ह्यात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, धुळ्यात तर पाच-सहा अंश ऐकायला मिळतात. हे आकडे उभ्या माणसाचे. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं एक सूत्र हवामानशास्त्रात आहे. त्यात ८ अंश आणि ताशी ६० किलोमीटर वारा घातला तर उत्तर अडीच अंशांच्या आत येतं. म्हणजे घरून निघताना थर्मामीटर बघून जर्किन घालायचं की नाही हे ठरवणं चूकच.

मी हे सगळं सामान घेतलं ते एका प्रसंगानंतर. तेव्हा अंगात स्वेटर, हातात बाजारातले लोकरीचे शंभर रुपयांचे मोजे. तापीच्या पुलाच्या अलीकडे दाट धुई होती. त्यात केळीबागांच्या बांधावर रात्री पेटवलेल्या काडीकचऱ्याचा धूर मिसळला होता. केळीला थंडीचा चरका पडू नये म्हणून शेतकरी तो धूर करतात, आमच्याही बागेत होतो. धुईतून एकदम ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मला ट्रॉली वेळेत दिसली होती, ब्रेक दाबायचा हेही कळलं होतं. पण बोटं मिटलीच नाहीत. लिव्हरवर ती लाकडासारखी पडून होती. मागचा पायातला ब्रेक दाबत गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून वाचलो. ५० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. बोटांना अर्धा सेकंद उशीर झाला तरी सात मीटर गेले. त्या दिवसापासून थंडी माझ्यासाठी सोसण्याची गोष्ट उरली नाही, ती ब्रेकची गोष्ट झाली.

आधी जर्किन. ४,८०० रुपयांना घेतलं, कोपराला आणि खांद्याला गार्ड, आत काढता येणारं अस्तर. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते आपलं काम चोख करतं. एकच शिकलो: ऊब अस्तराने धरून ठेवली जाते, पण वारा बाहेरच्या कापडाने अडतो, आणि आधी वारा अडायला हवा. नुसती दोन स्वेटरं घालून गाडी चालवून पाहा, वारा विणीतून थेट छातीत जातो. वडील हे फार आधीपासून सांगत होते. आमच्या बागेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला शेवरीची दाट रांग आहे, तिच्या आडोशाची केळी थंडीत कमी खराब होते. मी जर्किन घातलेलं पाहून ते म्हणाले, "वारं आडव रे, थंडी आपोआप थांबीन." त्यांनी स्वतः राजदूत मोटरसायकलवर कित्येक वर्षं शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घालून दूध पोचवलं. जर्किन घ्यायला पैसे नसतील त्यांनी आजही तेच करावं. चार पानांची घडी, छातीवर आणि पोटावर, वरून स्वेटर. कागद वारा अडवतो, घड्यांमध्ये हवा कोंडते. खरंच फरक पडतो.

छाती उबदार राहण्याचा फायदा बोटांनाही होतो. शरीराला गारठा लागला की ते हातापायांचं रक्त आवरून घेतं आणि काळीज, फुप्फुसं यांना ऊब देतं. म्हणून धड गार पडलेलं असताना महागडे मोजेही उपयोगी पडत नाहीत. हे मला पहिल्या हिवाळ्यात ठाऊक नव्हतं, मी सगळा दोष मोज्यांना देत होतो.

तरी आता मोज्यांवर येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे, आणि तो शिवणीपेक्षाही मोठा आहे. मनगट.

दुकानात हातमोजे घातले, मूठ उघडली, मिटली, छान वाटलं, घेतले. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसून हँडल धरलं. हात पुढे ताणले की जर्किनची बाही मागे सरकते. मोज्याची कड मनगटाच्या हाडाशीच संपते. मध्ये दोन बोटांची फट उरते, उघड्या कातडीची. त्या फटीतून वारा बाहीत शिरतो आणि कोपरापर्यंत जातो. डॉक्टर नाडी बघतात ती हीच जागा, इथे रक्तवाहिनी अगदी कातडीलगत असते. बोटांकडे जाणारं रक्त याच दारातून जातं. दार उघडं ठेवून आतल्या खोलीला कितीही गोधड्या घातल्या तर काय उपयोग? तीन आठवडे माझी बोटं बामणोदच्या पुढे बधिर होत होती आणि मी मोज्यांच्या आतल्या अस्तराला नावं ठेवत होतो.

फट बुजवायला आधी जर्किनच्या बाहीवर रबर लावून पाहिलं. ते करू नका, मनगट आवळलं जातं आणि बोटं आणखी लवकर गार पडतात. मग क्रेप बँडेज गुंडाळलं, ते पुलापर्यंत सुटायचं. शेवटी आईने माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापल्या. खालची विणीची तंग पट्टी आणि वर वीतभर भाग ठेवला, कडा दुमडून शिवल्या, अंगठ्यासाठी एक भोक पाडलं. हे आधी मनगटात चढवायचं, अंगठा भोकातून काढायचा, त्यावर मोजा, त्यावर जर्किनची बाही. कितीही हात ताणा, फट उघडी पडत नाही. अंगठा अडकलेला असल्यामुळे पट्टी वर सरकतच नाही. पहिल्याच दिवशी भुसावळला पोचलो तेव्हा चावी काढताना बोटं माझी वाटली. आमच्याकडे हजेरीच्या मशीनवर अंगठा लावावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात गार, कोरडा अंगठा मशीन घेतच नसे, काखेत हात धरून दोन मिनिटं उभं राहायचं. त्या दिवशी पहिल्या झटक्यात घेतला.

बिनपैशाच्या या बाहीने २,२५० च्या मोज्याला कामाला लावलं. म्हणून सांगतो, मोजे घ्यायला जाताना आपलं जर्किन अंगात घालून जा, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसा, हँडल धरा आणि मग मनगटाकडे बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. लांब कडीचे, बाहीवरून येणारे मोजे मिळाले तर तेच घ्या.

हँडल मफ, म्हणजे हँडलवर चढवायचं आणि आत हात घालायचं जाड आवरण, याबद्दल माझं मत मध्येच बदललं, ते जसं बदललं तसं लिहितो. उत्तरेकडच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर दिसतात तसे ४५० रुपयांचे रेग्झिनचे, आतून लोकर लावलेले मफ दुसऱ्या हिवाळ्यात बसवले. पहिले आठ दिवस मी इतका खूश होतो की शालकालाही घ्यायला लावले. पातळ मोज्यातही बोटं गरम. मग एक दिवस मागून येणाऱ्या सहकाऱ्याने फाटकाशी थांबवून विचारलं, "काय भो, सारा रस्ता ब्रेक दाबून चालवू राह्यला का?" माझा ब्रेकचा लाल दिवा वीस किलोमीटर पेटलेला होता. वाऱ्याच्या दाबाने मऊ मफ मागे ढकलला जायचा आणि लिव्हरवर टेकायचा. लिव्हर जराशी हलली की स्विच दिवा लावतो. धुईत याचा अर्थ असा की मी खरंच ब्रेक दाबला तरी मागच्याला काहीच वेगळं कळणार नाही. ही लहान गोष्ट नाही. त्याच संध्याकाळी शालकाला फोन करून मफ काढायला सांगितले.

मग मी ते दुरुस्त केले. घरी ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची नळी (लॅटरल) पडलेली होती. तिचे दोन तुकडे कापले, गोल वाकवून प्रत्येक मफच्या आत लिव्हरच्या पुढे कमानीसारखे शिवून टाकले. आता मफ फुगलेला राहतो, लिव्हरपासून तीन बोटं लांब. अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्याची खात्री केली, मग रस्त्यावर सहकाऱ्याला मागे ठेवून पुन्हा पाहिलं. दिवा बंद. तरीही मफ लावण्याआधी गाडी उभी असताना हात आत घालायचा, बाहेर काढायचा, हॉर्न, इंडिकेटर, डिपर न बघता शोधायचा सराव पन्नास वेळा करा. आत काही दिसत नाही. आणि गावात गर्दीत शिरताना मी अजूनही उजवा हात बाहेर ठेवतो.

गरम होणाऱ्या ग्रिपचा मोह मलाही झाला होता. एका सहकाऱ्याने १०० सीसी गाडीला बसवल्या. या गाड्यांची बॅटरी लहान, त्यात २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालूच असतो. तीसेक वॅटचा आणखी भार पडला आणि पंधरा दिवसांत त्याला किक मारायची वेळ आली. मोठ्या गाडीला ठीक असेल, आपल्या गाड्यांना नको.

हेल्मेट आयएसआयचंच, यावर चर्चा नको. काच मात्र पांढरी हवी, काळी काच पहाटे आंधळं करते. श्वासाने काच धुरकट होते त्यावर मी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून पुसून कोरडा करतो, दोन दिवस टिकतो. जाड माकडटोपीवर हेल्मेट घालू नका, ते डोक्यावर नीट बसत नाही आणि कानाने मागचा हॉर्न ऐकू येत नाही. १८० रुपयांची पातळ होजिअरीची टोपी पुरते. मफलरची टोकं जर्किनच्या आत. ओढणीची आणि उपरण्याचीही. चाकात गेलेलं कापड गळा सोडत नाही.

टायरची हवा थंडीत उतरते, तापमान साधारण पाच-सहा अंश खाली आलं की दाब एक पीएसआय कमी. म्हणून आठवड्याला बघतो, तीही गाडी चालवण्याआधी, गार टायरवर. आणि चहाच्या टपरीवर थांबून इंजिनला, सायलेन्सरला हात लावून शेकणारे रोज दिसतात, त्यांना हात जोडून सांगतो: बधिर बोटांना चटका कळत नाही. एका मुलाच्या तळहाताला फोड आलेले मी पाहिलेत. चहाचा ग्लास धरा, काखेत हात घाला, तेवढं पुरतं.

आता शिवण. पहिल्यांदा उसवली ती दोन महिन्यांत. जळगावच्या ज्या दुकानातून घेतले तिथे गेलो, तर "हातमोज्याला वॉरंटी नसते भाऊ." डब्यावर सहा महिने छापलेलं दाखवलं. मग "कंपनीला मेल करा." मेल केला, फोटो पाठवले, बिल पाठवलं, मग पुन्हा तेच फोटो उजेडात काढून मागितले. बदली जोड पाचव्या आठवड्यात आली, महाशिवरात्र होऊन गेली होती. त्या पाच आठवड्यांत मी बेचक्यात चिकटपट्टी लावून गेलो. आणि बदलून आलेल्या जोडीची शिवण तशीच एकेरी, तिथेच. म्हणजे त्यांनी तक्रार वाचली, माल पाठवला, पण शिवण बघितलीच नाही. याचा मला खरा संताप आहे. पाच पैशांचा दोरा आणखी एकदा फिरवला असता तर हा मोजा मी सगळ्यांना घ्यायला सांगितला असता. तळवा उत्तम आहे, अस्तर अजून दबलेलं नाही, पकड चांगली आहे.

या वेळी मेल केला नाही. मंगळवारी ड्यूटी सुटल्यावर चांभाराकडे बसलो. त्याने बेचक्यात आतून मऊ चामड्याची बोटभर पट्टी लावली आणि मेणाच्या नायलॉन दोऱ्याने दुहेरी टाके घातले. दुसऱ्या हातालाही, न उसवता आधीच. दोन्हींचे ऐंशी रुपये. मी तिथेच मोजा घालून मूठ वळली, ओढून पाहिली, दोरा हलला नाही.

ब्रेकच्या दिव्याचं सांगणाऱ्या सहकाऱ्याने काल माझ्या मनगटाची पट्टी काढून उलटसुलट बघितली आणि स्वतःच्या हाताचं माप कागदावर लिहून दिलं. आईकडे आता तीन जोड्यांचं काम आहे. घरात जुनं स्वेटर एकच उरलंय, वडिलांचं तपकिरी, आणि ते द्यायला ते तयार नाहीत.