लिनक्सवर घरचा मीडिया सर्व्हर: जेलीफिन की प्लेक्स?

दोन्ही प्रणाली आपल्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवतात. खर्च कमी ठेवायचा असेल, तर माझा कौल जेलीफिनला. एम्बी या तशाच प्रणालीने आपला कोड सर्वांसाठी खुला ठेवणं थांबवल्यावर डिसेंबर २०१८मध्ये त्यातूनच ते वेगळं झालं. परवाना जीपीएलचा, म्हणजे कोड कुणालाही पाहता-बदलता येतो; पैसे भरून उघडायचं असं त्यात काहीच नाही.

खरा फरक ट्रान्सकोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलण्यात, जाणवतो. टीव्हीला एचईव्हीसी (व्हिडिओ जास्त दाबून साठवण्याचा एक प्रकार) फाइल चालवता येत नसेल, तर सर्व्हरला ती चालू असतानाच बदलून द्यावी लागते. हे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकलं की जुना संगणक धापा टाकतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर सोपवलं की तोच निवांत चालतो. जेलीफिन ही सोय फुकट देतं, प्लेक्स त्यासाठी प्लेक्स पास, म्हणजे सशुल्क सदस्यत्व, मागतं. एप्रिल २०२५मध्ये आजीवन पास सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेला. शिवाय घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ पाहायलाही पैसे लागू झाले. हे मला पटत नाही.

प्लेक्सची ॲप्स जास्त सफाईदार आहेत, हे मान्य. बाहेरून जोडणीही ते बरीचशी आपोआप जमवतं. जेलीफिनसाठी वायरगार्ड (घराशी सुरक्षित खासगी जोडणी देणारं व्हीपीएन) किंवा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मधला प्रोग्राम) आपणच बसवायची. एखादी संध्याकाळ त्यात जाते. पण खातं आपल्याच यंत्रावर राहतं.