कोथरूडचे एक इस्टेट एजंट: रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांसाठी अभिप्राय

कोथरूडमधील जुन्या सोसायटीतला फ्लॅट आम्ही ज्या एजंटमार्फत घेतला, त्यांच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एका दस्तलेखनिकाच्या हाताखाली उमेदवारी करून ते या व्यवसायात आले, त्यामुळे घर दाखवण्यापेक्षा कागद वाचण्यात त्यांना अधिक रस आहे. त्यांची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे. २०२३ साली एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा मुलांच्या वयाच्या उमेदवारांबरोबर बसून त्यांनी तीही दिली.

आम्हाला पसंत पडलेल्या फ्लॅटचे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, हातात येताच त्यांनी ते आधी उलटे केले, कारण हस्तांतराच्या नोंदी मागच्या बाजूला असतात. वडिलांच्या निधनानंतर विक्रेत्याचे नाव तिथे नॉमिनी म्हणून चढले होते. सोसायटीच्या दप्तरी एवढे पुरत असले, तरी नॉमिनी झाल्याने इतर वारसांचा हक्क संपत नाही. आणि विक्रेत्याला एक विवाहित बहीण आहे, हे त्यांनी चहा येईपर्यंतच्या गप्पांत काढून घेतले. बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवले जाईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका, असे त्यांनी आम्हाला विक्रेत्यादेखतच बजावले. व्यवहार लांबला आणि त्यांची दलालीही लांबली, पण त्यांनी घाई केली नाही.

हाच अनुभव ते रविवारी सकाळी जुन्या सोसायट्यांसाठी विनामूल्य खर्च करतात. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. पण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर आजही मूळ जमीनमालकाचेच नाव दिसते, आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की सगळ्यांची धावपळ सुरू होते. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली मालकी सोसायटीच्या नावे करून मिळवण्याचा, अर्ज करावा लागतो. त्यासाठी सभासदांचे करारनामे, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशे आणि सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव हे गृहस्थ समितीतल्या ज्येष्ठांबरोबर बसून करतात. कोणाचा करारनामा हरवला असेल, तर त्याची प्रत कोणत्या कार्यालयातून मिळेल, हेही सांगतात. अर्जाचा मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या, असा त्यांचा आग्रह असतो. यातून त्यांना गिऱ्हाईक मिळत असणारच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र पुनर्विकासासाठी बिल्डर सुचवण्याचे ते टाळतात, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते.

उणिवाही आहेत. फ्लॅटचे फोटो ते अंधारात काढल्यासारखे पाठवतात, रविवारी दुपारपर्यंत फोन उचलत नाहीत, आणि कर्जाच्या हप्त्यांविषयी विचारले की बँकेकडे बोट दाखवून मोकळे होतात. नवख्या खरेदीदारांशी बोलताना त्यांचा सूर मास्तरकीचा होतो. माझ्या पत्नीला तो अजिबात रुचला नाही. दलालीत घासाघीस चालत नाही, पण रक्कम पहिल्याच दिवशी लेखी देतात आणि पावतीही देतात. नव्या प्रकल्पात बुकिंग करायचे असेल, तर त्यांच्याकडे जाण्यात फारसे हशील नाही. वारसाहक्काने आलेला किंवा दोन-तीन हात बदललेला फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र विसार देण्याआधी त्यांना जरूर भेटावे.