चेनसेट बसला, पण तो माझ्या गाडीचा नव्हता

यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याकडे उतरताना माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक जागच्या जागी अडकलं, तेव्हा मागे बायको बसली होती. वेग तीसच्या आत होता आणि समोरून काही येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. गाडी आडवी झाली. तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि हात दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. चेन उतरून मागचं स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) आणि चाक यांच्यामध्ये रुतून बसली होती. ती चेन नवी होती. घालून जेमतेम अकराशे किलोमीटर झाले होते.

गाडी १५० सीसीची, नऊ वर्षं वापरलेली. जुन्या चेनचा आवाज वाढला होता आणि स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले होते, म्हणजे चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट असा पूर्ण सेट बदलायची वेळ झालीच होती. नेहमीचे मिस्त्री गावच्या जत्रेला गेलेले. म्हणून स्पेअर पार्टही विकतात आणि बसवूनही देतात अशा एका दुकानात गेलो. दुकानदाराने नामांकित कंपनीचं नाव असलेला खोका काउंटरवर ठेवला. "सर, तुमच्याच गाडीचा सेट आहे. चहा घेऊन या, अर्ध्या तासात गाडी तयार." मी चहाला गेलो. परत आलो तोवर चेन कव्हरचे बोल्टसुद्धा आवळून झाले होते. माझ्या गाडीला पूर्ण बंद कव्हर आहे, त्यामुळे आत काय बसवलं ते दिसायला मार्ग नाही. कागदाच्या कपट्यावर 'चेनसेट व मजुरी २,१००' एवढंच लिहिलेलं. जुने पार्ट भंगारात टाकले म्हणाला, मीही मागितले नाहीत.

गाडी पहिल्या आठवड्यापासून सांगत होती, मला ऐकू आलं नाही. हळू चालवताना कटकट आवाज यायचा. परत दुकानात गेलो तर त्याने चेन थोडी ताणली, तेल सोडलं आणि म्हणाला, नवी चेन आहे, बसायला वेळ लागतो. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते हे खरं असल्यामुळे मला ते पटलं. कासच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीसारखी ओढ राहिली नव्हती, त्याचा दोष मी पेट्रोलला दिला. आणि चेन ताणायला चाक किती मागे ओढलंय ते दाखवणाऱ्या, मागच्या ॲक्सलजवळच्या खुणा! नव्या चेनला चाक पुढच्या खुणांवर हवं. माझं बरंच मागे ओढलेलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

अपघातानंतर गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कव्हर उघडलं, मागचं स्प्रॉकेट काढलं, जाडी मोजायला वर्निअर लावला आणि मला जवळ बोलावलं.

चेनच्या कडीवर ४२८ ठोकलेलं होतं आणि तो आकडा बरोबर होता. माझ्या गाडीला ४२८ नंबरचीच, ११८ कड्यांची चेन लागते. यातला पहिला ४ म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, म्हणजेच पिच, चार अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच किंवा १२.७ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीचे. ४२८ मध्ये आतल्या पट्ट्यांमधली जागा ७.९ मिलिमीटरच्या आसपास असते, ४२० मध्ये ६.३५. लहान गाड्यांना ४२० ची चेन असते, मोठ्या गाड्यांना ५२० किंवा त्याहून रुंद, आणि तिथे पिनांमधलं अंतर १५.८७५ मिलिमीटर होतं. ५२० ची चेन माझ्या स्प्रॉकेटवर बसलीच नसती, दात आणि कडीचा मेळच लागला नसता. मला फसवलं ते त्याच्या उलट मार्गाने.

मागचं स्प्रॉकेट ४२० चं होतं. दाताची जाडी सहा मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी भरली. ४२८ च्या स्प्रॉकेटची सातच्या वर भरते. अर्धा इंच दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे चेन वरून फिरते, हाताने चाक फिरवलं तर सगळं ठीक वाटतं. पण कडी दातावर डावी-उजवीकडे हलत राहते, आणि ४२८ च्या कडीतला गोल रोलर जाड असल्यामुळे तो दोन दातांच्या खाचेत पुरता खालीही बसत नाही. शिवाय त्या स्प्रॉकेटची भोकं माझ्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या भागाच्या बोल्टांना जुळत नव्हती. ती कानसने ओढून लांबट केलेली होती, कानसचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. दाते ४१. माझ्या गाडीला पुढे १५ आणि मागे ४३ दाते लागतात. म्हणजे चढावरची ओढ जवळपास पाच टक्क्यांनी कमी झाली होती, आणि दोन दाते कमी म्हणून चेन एका कडीने लांब पडून चाक मागे ओढावं लागलं होतं. मला न कळलेल्या खुणांचा अर्थ हा होता.

पुढचं स्प्रॉकेट पाहून मात्र मला खरा राग आला. ते माझंच जुनं होतं. रॉकेलने धुऊन, उलटं फिरवून बसवलेलं, म्हणजे न झिजलेली बाजू चेनला लागावी. मिस्त्रींनी दातांच्या बारीक झालेल्या टोकांवर बोट फिरवून दाखवलं. तीन वस्तूंच्या सेटचे पैसे घेऊन नवी आणि बरोबर अशी एकच दिली होती, ती चेन.

घाट उतरताना ॲक्सिलेटर सोडला की चेनची वरची बाजू सैल पडते. त्याच क्षणी हलणारी चेन पातळ दातांवरून बाजूला गेली, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

दुकानदाराला स्प्रॉकेट नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "पिच एकच आहे ना? बसतंय ना? मग?" बायकोच्या हाताबद्दल एक शब्द विचारला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न बिलाचा आला आणि माझ्याकडे तो कपटा होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद, फोटो आणि दवाखान्याची बिलं जोडून मी अर्ज तयार करतोय.

तुमच्यापैकी कोणी चेनसेट बदलणार असाल तर कृपा करून चहाला जाऊ नका. खोका तुमच्यासमोर फोडायला लावा. सेटच्या आकड्यांवर गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा ताडून पाहा. जुन्या चेनवरच्या आकड्यावर विसंबू नका, तीच आधी कोणी चुकीची घातलेली असू शकते. एका दाताला खडूने खूण करून दोन्ही स्प्रॉकेटचे दाते मोजा, दोन मिनिटं लागतात. जुने तिन्ही पार्ट पिशवीत घालून घरी आणा, भंगारात द्यायचे तर स्वतः द्या. आणि छापील बिलावर चेनचा नंबर, कड्या आणि दाते लिहून घ्या.

नवा सेट बसवला तेव्हा मी मिस्त्रींच्या शेजारी पाटावर बसून होतो. पुढे १५, मागे ४३, चेन ४२८, कड्या ११८. चाक पुढच्या खुणेवर आलं. ते पाहिल्यावरच मी घरी फोन केला. तिने एवढंच विचारलं, "मोजले ना?"